निगेटिव्हचा डबा आणि मेमरी कार्ड

गेल्या महिन्यात एक म्हातारी बाई नातीचा हात धरून आमच्या मनमाडच्या दुकानाची पायरी चढली. "जयभीम भाऊ, वळखलं का?" म्हणाली. आम्ही ओळखले नव्हते, खोटे कशाला बोला! मग तिने नवऱ्याचे नाव सांगितले आणि "नामांतराच्या गाडीला तुमीच व्हते ना कॅमेरा घेऊन?" असे विचारले, तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. १९७९ चा डिसेंबर. नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांचा लाँग मार्च औरंगाबादच्या दिशेने निघालेला आणि गावोगावची पोरे मिळेल त्या गाडीने तिकडे धावलेली. मनमाडहून औरंगाबादला तेव्हा मीटरगेजची गाडी जायची. त्या गाडीच्या डब्यात तिचा नवरा होता. गडी तुरुंगात जाऊन आला, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये खलाशी म्हणून राबला आणि १९८६ साली छातीच्या दुखण्याने गेला. घरात त्याचा एकही फोटो नाही. एक होता, तो पावसाळ्यात भिंतीला चिकटून गेला. नातीला आजोबा कसे दिसायचे ते बघायचे आहे.

"घावला तर द्या भाऊ. नाय घावला तर ऱ्हाऊ द्या," म्हणाली आणि चहा न घेताच निघाली.

त्याच आठवड्यात वस्तीतला एक तरुण आला. बाप २०२१ च्या कोरोनात गेला. २००९ च्या भीमजयंतीच्या मिरवणुकीत बापाने लेझीम खेळली होती आणि आम्ही ती टिपली होती, हे पोराला पक्के आठवत होते. आम्हालाही आठवत होते. परंतु आम्ही त्याला काही देऊ शकलो नाही.

पंचेचाळीस वर्षांहून जुना फोटो दोन दुपारच्या शोधात हाती लागला आणि पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा मात्र कायमचा गेला! हे असे का झाले, ते आज वाचकांपुढे मांडायचे आहे. हा प्रश्न आमच्या एकट्याच्या दुकानाचा नाही.

आम्ही या धंद्यात सतराव्या वर्षी आलो. वडील वर्कशॉपमध्ये. आम्ही एका स्टुडिओत ट्रे धुवायला लागलो. डार्करूमच्या लाल दिव्याखाली डेव्हलपरमध्ये बुडवलेल्या कोऱ्या कागदावर माणसाचा चेहरा हळूहळू उगवताना पहिल्यांदा पाहिला, तेव्हाच आमचा निकाल लागला! पुढे जुनी यशिका घेतली. तिच्या एका रोलमध्ये बारा फोटो. त्यानंतर पूर्व जर्मनीच्या ऑर्वो कंपनीचा शंभर फुटी फिल्मचा डबा आणायचा, अंधारात हाताने मापून रिकाम्या कॅसेटमध्ये भरायचा, असा उद्योग. त्यात सतरा-अठरा रोल निघत आणि रोल स्वस्त पडे. आपल्या सरकारचीही उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स नावाची कंपनी होती. १९६० साली स्थापन झालेली. तिची 'इंदू' फिल्म आम्ही वापरली आहे. १९९६ साली ती आजारी उद्योग ठरली आणि पुढे बंद पडली. १९८८ मध्ये हप्त्याने निकॉन एफएम-२ घेतला. बॅटरी संपली तरी त्याचा खटका पडतो. आजही पडतो.

ज्यांनी रोलचे दिवस पाहिले नाहीत त्यांना सांगायला हवे की, तेव्हा प्रत्येक खटक्याला पैसे पडत. छत्तीसचा रोल, काळजीपूर्वक चढवला तर सदतीस-अडतीस. रोलचे पैसे, धुण्याचे पैसे, ब्रोमाइड कागदाचे पैसे. सभेला आम्ही दोन रोल नेत असू. त्यातले निम्मे व्यासपीठावर खर्च होत. पाहुण्यांचे स्वागत, पुतळ्याला हार, पुढाऱ्याचे भाषण, पुन्हा दुसऱ्या पुढाऱ्याचे भाषण. फोटोचे पैसे तेच देणार होते ना! उरलेले चार-पाच फोटो गर्दीचे. मंडपामागे चुलीवर पाचशे माणसांचे पिठले-भाकरी करणाऱ्या आयाबहिणींचा एकही नाही. आज आमचे अकरा पत्र्याचे डबे उघडले की पुढारी सापडतात ढिगाने. त्यातले काही नंतर कोणत्या पक्षात गेले तेही वाचकांना ठाऊक आहे! परंतु ज्या मावशीने वर्गणी गोळा करून मंडप उभा केला, ती सापडत नाही. हा दोष आमचाच आहे, आणि खिशाचाही आहे.

खिशाचे सांगायचे तर नामदेव व्हटकरांची आठवण काढलीच पाहिजे. १९५६ च्या डिसेंबरात बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण व्हटकरांनी स्वतःच्या छापखान्यावर पैसे उभे करून केले. लाखो माणसे मुंबईच्या रस्त्यावर रडत होती. त्या दुःखाची हलती चित्रे आज आपण पाहतो, ती एका माणसाने आपली रोजीरोटी पणाला लावली म्हणून. फिल्म महाग होती. आपला इतिहास आपल्याच कनवटीच्या पैशांनी, फुटाफुटाने विकत घ्यावा लागत होता.

आणि वस्तीत काय होते? अनेक घरांत माणसाचा पहिला फोटो निघे तो मेल्यावर. रात्री दाराची कडी वाजे. "फोटोवाले भाऊ, चला, म्हातारं गेलं." मयताला भिंतीला टेकवून बसवलेले असे, कपाळावर हळदकुंकू नाही, पांढरा सदरा, शेजारी बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर. आम्ही फ्लॅश मारायचो. मग घरचे म्हणत, "डोळे उघडे करून द्या." आम्ही ब्रशने आणि पेन्सिलीने डोळे काढून द्यायचो. असे किती डोळे आम्ही काढले असतील! जिवंतपणी ज्या माणसाने कॅमेऱ्याकडे कधी पाहिले नाही, त्याचे डोळे.

ब्रशची गोष्ट निघाली म्हणून रंगाची सांगतो. स्टुडिओत येणारे गिऱ्हाईक हमखास म्हणे, "जरा उजळ काढा." आम्हीही काढत असू. बाबासाहेबांच्या तसबिरी किती गोऱ्या होत गेल्या ते बघा. परंतु हा नुसता आपल्या न्यूनगंडाचा मामला नव्हता, हे आम्हाला फार उशिरा कळले. रंगीत फिल्मच मुळात गोऱ्या कातडीसाठी बेतलेली होती! कोडॅक कंपनी छापखान्यांना आणि लॅबना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या बाईचा नमुना फोटो देत असे. त्या कार्डाला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्या बाईची कातडी नीट दिसली की रंग बरोबर! मग काळ्या माणसाचा चेहरा कोळशाच्या गोळ्यासारखा आला तरी तो फिल्मचा दोष नव्हे, माणसाचा! लॉर्ना रॉथ या कॅनडातील प्राध्यापिकेने याचा अभ्यास केला. तिने नोंदवले आहे की गडद रंगछटा नीट याव्यात म्हणून कंपनी जागी झाली ती काळ्या माणसांच्या तक्रारीने नव्हे, तर चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांच्या तक्रारीने. त्यांच्या जाहिरातीत चॉकलेटच्या छटा दिसत नव्हत्या ना! वाचकहो, यात आम्हाला काही नवल वाटत नाही. ज्या देशात माणसापेक्षा जनावराला पाणवठा खुला होता, त्या देशात आमचा जन्म आहे.

हाच कॅमेरा छळाचे हत्यार कसा होतो तेही एकदा पाहून ठेवावे. दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसाला सदैव जवळ पास बाळगावा लागे. त्या पासवरचे झटपट फोटो पोलरॉइडच्या यंत्रावर निघत. १९७० साली त्याच कंपनीत अमेरिकेत काम करणाऱ्या कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स या दोन काळ्या कर्मचाऱ्यांनी हे उघडकीला आणले आणि चळवळ उभारली. नोकरी गेली, पण १९७७ मध्ये कंपनीला तो देश सोडावा लागला. दुसरीकडे गुलामीतून पळालेला फ्रेडरिक डग्लस. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत सर्वांत जास्त फोटो निघालेला माणूस तो! अंगात उत्तम कोट, नजर थेट, ओठावर हसू नाही. गुलाम म्हणजे दात काढून हसणारा विदूषक, हे चित्र त्याला पुसायचे होते. आपल्या घरातल्या सुटाबुटातल्या बाबासाहेबांसमोर उभे राहिले की आम्हाला डग्लस का कळतो, ते सांगायला नको.

असो. आम्ही रोल सोडला तो आनंदाने नव्हे. जगात मोठमोठ्यांनी आधीच सोडला होता. भोपाळच्या वायुकांडातल्या दफन होणाऱ्या बाळाचा फोटो ज्यांनी काढला ते रघू राय २००३ मध्ये मुंबईत एका कामासाठी डिजिटल कॅमेरा घेऊन फिरले आणि मग त्यांना रोलकडे परतावेसे वाटले नाही, असे त्यांनीच सांगितले आहे. धनबादच्या कोळसा कामगारांचे आणि १९९५ मधल्या चर्चगेट स्टेशनच्या गर्दीचे फोटो ज्यांनी जगभर पोहोचवले ते ब्राझीलचे सेबास्तियाव साल्गादो २००८ पर्यंत रोलवर अडून होते. विमानतळावरच्या क्ष-किरण यंत्रांनी फिल्म खराब होऊ लागल्यावर त्यांनीही हात टेकले. मजा म्हणजे, पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने बनवला होता. एक फोटो कॅसेटवर नोंदवायला तेवीस सेकंद लागत! कंपनीने तो दडपून ठेवला, कारण फिल्म विकण्यात फायदा होता. २०१२ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीत गेली.

आमचे कारण इतके मोठे नव्हते. आमच्या रंगीत रोलची लॅब नाशिकला होती. रोल धुण्याच्या यंत्राला रोज ठराविक रोल लागतात, नाहीतर रसायन बिघडते. रोल येईनासे झाले तसे लॅबवाल्याने यंत्र बंद केले. दुसरे कारण बातमीचे. पूर्वी आम्ही रोल पाकिटात घालून पहाटे पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाच्या हाती देत असू. तो दादरला उतरून कचेरीत पोहोचवी. कधी पोहोचवी, कधी विसरे. फोटो छापून येईपर्यंत चौथा दिवस उजाडे. तोवर प्रस्थापित वृत्तपत्रांनी आपल्या मोर्चाचा 'वाहतूक कोंडीने नागरिक हैराण' असा फोटो छापून टाकलेला असे! २००६ च्या जानेवारीत निकॉननेच आपले बहुतेक रोलचे कॅमेरे बंद करीत असल्याचे जाहीर केले, तेव्हा म्हटले, आता संपले. त्याच वर्षी पतसंस्थेचे कर्ज काढून निकॉन डी-७० एस घेतला.

पहिले सहा महिने आम्ही शिकाऊ पोरासारखे चुकलो. एफएम-२ ची जुनी पन्नासची लेन्स नव्या कॅमेऱ्याला बसली खरी, पण बसताच आतला मीटर मुका झाला! जुन्या लेन्सला तो कॅमेरा उजेड मोजून देत नाही. शिवाय सेन्सर लहान, म्हणून पन्नासची लेन्स पंचाहत्तरीसारखी दिसू लागली. खोलीत माणूस मावेना, भिंतीला पाठ लावावी लागे. पण लेन्स टाकवेना. मग आम्ही सदऱ्याच्या खिशात चिठ्ठी ठेवली. उन्हात एवढे, सावलीत एवढे, मंडपात एवढे. अंदाजाने काढायचे. तीस वर्षांचा अंदाज उपयोगी पडला.

खरी फजिती ६ डिसेंबरला झाली. चैत्यभूमीवर भर दुपारी, शिवाजी पार्कच्या रांगेत, पांढऱ्याशुभ्र साड्या आणि पांढरे सदरे, त्यावर उन्हात रापलेले सावळे चेहरे. आम्ही नेहमीसारखे चेहऱ्यावर उजेड धरला आणि रात्री फोटो पाहिले तर साड्या जळालेल्या! काठ नाही, चुणी नाही, नुसता पांढरा डाग. रोलला थोडा जास्त उजेड झाला तरी तो सोसतो, छपाईत पांढऱ्यातला धागा ओढून काढता येतो. डिजिटलमध्ये जे पांढरे जळाले ते गेले. त्यात काही उरतच नाही. मग दुसऱ्या दिवशी उजेड कमी केला, तर साड्या सुरेख आणि माणसे अंधारात! म्हणजे कपडा वाचवावा की चेहरा? हा प्रश्न कॅमेरा बनवणाऱ्याने कधी स्वतःला विचारला नसावा. त्याच्यापुढे निळ्या झेंड्याखाली पांढऱ्या साडीतली सावळी बाई उभीच नव्हती. पुढे आम्ही कच्ची फाईल, म्हणजे 'रॉ', साठवायला शिकलो. उजेड साडीवर मोजायचा आणि चेहरा संगणकावर हळुवार वर आणायचा. आज तरुण पोरांना आम्ही पहिली गोष्ट हीच शिकवतो. आणि दुसरी गोष्ट, 'उजळ करा' म्हणणाऱ्याला नाही म्हणायची.

परंतु आम्हाला डिजिटलची निंदा करायची नाही. रोलच्या आठवणी काढून उसासे टाकणारे हौशी लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांना रोल कधी महाग नव्हता. डिजिटल आल्यावर आमच्या बोटावरची बेडी निघाली. २००७ च्या जयंतीला आम्ही एका दिवसात सहाशे फोटो काढले! पहिल्यांदा मंडपामागे गेलो. भाकरी थापणारे हात काढले. ढोल उतरवून झोपलेली पोरे, विहाराच्या पायरीवर वही घेऊन वर्गणीचा हिशेब लिहिणारी मुलगी, हे सगळे काढले. आणि फोटो लगेच दिसतो, ही लहान गोष्ट नाही. एका मावशीने कॅमेऱ्यामागच्या काचेत स्वतःला पाहिले आणि म्हणाली, "ह्ये पुसा. पदर नीट घेते, मंग काढा." तीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाने आम्हाला आमचे काम पुन्हा करायला लावले. आपण कसे दिसायचे ते तिने ठरवले.

शिवाय कॅमेरा आमच्यासारख्या दुकानदाराच्या हातातून सुटून पोरांच्या हाती गेला. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जे कृष्णधवल फोटो काढले, ज्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, ते पाहून आमच्या वस्तीतल्या दोन पोरांनी कॅमेरे घेतले. खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारले. मोठ्या वृत्तपत्रांनी पहिले काही आठवडे जवळजवळ पाठ फिरवली. तेव्हा फोटोंच्या प्रती हातोहात आणि संगणकावरून फिरल्या, आणि महाराष्ट्र पेटला. रोलच्या काळात हे झाले असते का? आम्हाला शंका आहे.

मग बिघडले कुठे? बिघडले ते ठेवण्यात.

२००७ ते २०१० या चार वर्षांचे सगळे फोटो आम्ही एकाच हार्ड डिस्कमध्ये भरत गेलो. विटेएवढा काळा डबा. अकरा बिस्किटांचे डबे जे करीत होते ते हा एकटा करील, अशी आमची भाबडी समजूत. २०११ च्या उन्हाळ्यात एक दिवस त्यातून टकटक आवाज आला आणि डबा बंद पडला. नाशिकला नेला, पुण्याला नेला. एकाने एवढे पैसे सांगितले की तेवढ्यात दुकान रंगवून झाले असते. उमेद धरून थांबलो, आणि शेवटी काहीच निघाले नाही. त्यात त्या तरुणाच्या बापाची लेझीम होती. हिशेब लिहिणारी ती मुलगीही होती. निगेटिव्हच्या डब्यात पाणी शिरले असते तरी चार रोल वाचले असते. इथे सगळे एका झटक्यात!

आणि याहून मोठे नुकसान कोणाच्या लक्षातही आले नाही, ते म्हणजे आम्ही स्वतः पुसलेले फोटो. कार्ड भरले की उभ्या उभ्या पुसायचे. हा हलला, पूस. याचे डोळे मिटले, पूस. यात मध्ये हात आला, पूस. रोलमध्ये हे शक्यच नव्हते. बिघडलेला फोटोही चांगल्या फोटोच्या शेजारी पट्टीवर तसाच राही.

आता त्या म्हातारीच्या नवऱ्याचा फोटो सांगतो. आम्ही डबा क्रमांक दोन उघडला. बटर पेपरच्या पाकिटावर आमच्याच तरुण अक्षरात 'मनमाड स्टे. औ'बाद गाडी' लिहिलेले. छत्तीसांपैकी नऊ फोटोंचे तेव्हा प्रिंट केले होते. पुढारी दारात उभा, हात उंच, मागे घोषणा. त्या नऊंत तो नव्हता. सापडला तो एकविसाव्यात. त्यात पुढाऱ्याचा हात कॅमेऱ्याच्या अगदी पुढे आलेला, अर्धा फोटो त्या धूसर बाहीने झाकलेला. बिघडलेला फोटो. आम्ही त्याचा प्रिंट कधीच काढला नाही. परंतु बाहीच्या पलीकडे खिडकीत चार तरुण चेहरे स्वच्छ उभे आहेत, आणि तिसरा तोच आहे. डिजिटल कॅमेरा असता तर ही गाडी फलाटावरून हलण्यापूर्वीच आम्ही हा फोटो पुसला असता!

पुराव्याचेही असेच आहे. अॅट्रॉसिटीच्या एका खटल्यात आम्ही काढलेले जळालेल्या घरांचे फोटो गेले होते. तेव्हा समोरच्या वकिलाचा पहिला प्रश्न, "निगेटिव्ह कुठे आहे?" आम्ही खिशातून काढून दाखवली. वकील खाली बसला. डिजिटल आल्यावर प्रश्न बदलला, "हे संगणकावर बनवले नाही कशावरून?" २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने पुरावा कायद्यात कलम ६५-ब घातले, त्यानुसार अशा पुराव्याला प्रमाणपत्र लागते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बंधनकारक म्हटले. २०२० मध्ये आपल्याच जालन्याच्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निवडणूक खटल्यात ते पुन्हा पक्के केले. मूळ यंत्रच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम लागू झाला, त्यात हे कलम ६३ आहे, आणि प्रमाणपत्रात फाईलचा 'हॅश' नोंदवायचा असतो. हॅश म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसा समजा. फाईलमध्ये एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो.

आपली पोरे काय करतात? अत्याचाराचा फोटो मोबाइलवर काढतात, व्हॉट्सअॅपवर टाकतात आणि जागा हवी म्हणून मूळ पुसून टाकतात. व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करते, कधी आणि कशाने काढला ही नोंद गळून पडते. मग न्यायालयात उभे राहायला उरते काय? ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. लोक गॅसचे टँकर पेटवणार होते, असे समर्थन पुढे आले. टँकर नेमके कुठे होते आणि माणसे कुठे पडली, या अंतरावर न्याय लटकला होता. असे अंतर फक्त चित्र सांगू शकते. मूळ चित्र. म्हणून कार्यकर्त्यांना आम्ही विनवतो, की अशा ठिकाणचे मूळ कार्ड वा मोबाइल तसाच ठेवा, त्याच रात्री दोन प्रती दोन वेगळ्या घरांत जाऊ द्या, आणि कागदावर तारीख, वेळ, ठिकाण व काढणाऱ्याची सही घ्या. फार खर्चाचे काम नाही. एक पेन ड्राइव्ह आणि एक वही.

साल्गादो २०२५ च्या मे महिन्यात गेले. त्यांच्याबद्दल वाचले ते आम्हाला फार पटले. डिजिटल घेतल्यावरही ते संगणकाच्या पडद्यावर निवड करीत नसत. पूर्वीसारखे लहान फोटोंचे तक्ते कागदावर छापून घेत आणि भिंगाने पाहत. छपाईसाठी डिजिटल फाईलवरून पुन्हा निगेटिव्ह तयार करीत. म्हणजे नवे यंत्र आणि जुनी शिस्त. आम्हीही २०११ पासून जयंतीच्या दिवसाचा एक तक्ता छापून फाईलला लावतो. शाई उडेल, पण निदान कोण कोण होते ते कळेल. विहारांच्या समित्यांनी हे का करू नये? विहारात लाउडस्पीकरला पैसे निघतात, मग एका लोखंडी कपाटाला का नाही? कोणत्या विहाराकडे आपल्या गावच्या धम्मदीक्षेचा एक तरी फोटो, नावांसह, जपलेला आहे, ते वाचकांनी आपापल्या गावी विचारून पाहावे.

आता आमचा पुतण्या आणि आम्ही ते अकरा डबे घेऊन बसलो आहोत. स्कॅनर परवडत नाही. दुधी काच, खालून दिवा, वर निगेटिव्हची पट्टी आणि त्यावर उलटा टांगलेला डिजिटल कॅमेरा. एफएम-२ ने काढलेले आता हा टिपून घेतो. एक पट्टी, सहा खटके. अडीच डबे झाले. पुतण्या विचारतो, "काका, फाईलला नाव काय देऊ?" तेव्हा आम्ही थबकतो. तारीख ठाऊक आहे, गाव ठाऊक आहे, पण माणसांची नावे आम्ही कुठे लिहिली होती?

परवा आक्का पुन्हा आल्या. आम्ही एकविसावा फोटो मोठा करून ठेवला होता. पुढाऱ्याचा हात तसाच ठेवला, खोडला नाही. आक्कांनी चष्मा पुसला, फोटो दाराच्या उजेडात नेला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नात म्हणाली, "आजी, माझ्यासारखं नाक हाय." मग आक्कांनी त्याच्या चेहऱ्यावरून बोट उचलून शेजारच्या चेहऱ्यावर ठेवले. "ह्यो आमच्या आळीतला. ह्यो नंतर नाशिकरोडला प्रेसात लागला. अन् ह्यो कडंचा, ह्याला तर जेलात लई मारलं व्हतं..."

"थांबा आक्का," आम्ही म्हणालो, "वही घेतो."